वेणीखालचा रुपया

सेवालालने टाकलेला रुपया फटीतून आत पडला. आता मागे फिरता येत नव्हतं. त्याने खटका ओढून सोडला. काचेमागे लोखंडी गोळी गरगर फिरली, मधल्या भोकाच्या काठावर जरा थबकली आणि बाजूने घसरून खाली गेली.

"गेला," रामधन म्हणाला. पेटी त्याची होती.

अस्सल विलायती पेटी. दोन-तीन वर्षांपूर्वी तिकडे जुनी नाणी बंद झाली, तशा या खेळाच्या पेट्या भंगारात निघाल्या. त्यातली एक रामधनने मुंबईहून आणून शेलूबाजारच्या आठवडी बाजारात मांडली. तिला तिच्या देशाचीच तांब्याची पेनी लागायची. आपलं नाणं टाकलं की सरळ खालून बाहेर, एवढा तोरा. रामधनकडे पेनीची एक थैली होती, ती जिंकणाऱ्यांनी गंमत म्हणून घरी नेऊन संपवली. धंदा बसला. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की राजाच्या छापाचा जुना चांदीचा रुपया त्या फटीत बरोब्बर बसतो. गोळी मधल्या भोकात गेली की घंटी वाजायची आणि रुपया परत मिळायचा. नाही गेली, तर राम राम.

आता चांदीचा रुपया कोणाच्या खिशात असतो? तो असतो बंजारा तांड्यातल्या बायांच्या गळ्यात, हारात ओवलेला.

सेवालाल काही चोर नव्हता. मागे एका बाजारी रामधनच्या शेवटच्या पेनीवर त्याने घंटी वाजवली होती, तेव्हा सारा बाजार त्याच्याकडे वळून पाहत होता. लग्न झालेला, बैलजोडीचा धनी माणूस, पण असं त्याच्याकडे कोणी कधी पाहिलं नव्हतं. ते काही डोक्यातून जाईना. आज गाडी लिंबाखाली सोडली आणि त्याच्या याडीचा म्हणजे आईचा, गोमतीबाईचा, गाडीतच डोळा लागला. हाराची गाठ मानेमागे, वेणीखाली. गाठीजवळचा एक रुपया त्याने सरकवून काढला आणि गाठ पुन्हा मारली. वेणीखालचं कोण पाहते? घंटी वाजली की परत ओवून टाकू, तिला कळणारसुद्धा नाही.

आणि आता गोमतीबाई समोरून येत होती. मान खाली घालून, पायाने धूळ बाजूला सारत.

"काय पाहून राह्यली, याडी?"

"हारातला रुपया पडला रे. गाडीपासून पाहत आली." तिने पायाने एक खडा उलटला. "माह्याच हातची गाठ. सैल राह्यली असन."

सेवालालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोही वाकला आणि तिच्यासोबत धुळीत शोधू लागला. दोघांना पाहून मिरचीवालीने आपलं पोतं उचलून खाली पाहिलं. एका म्हाताऱ्याने काठीने कचरा उकरला. जो तो शोधत होता, आणि ज्याला ठाऊक होतं तो सगळ्यांत जास्त. शेवटी त्याला ते सोसेना.

"जाऊ दे, याडी. मांगचा तर होता. वेणीखालचा. कोणाले दिसते?"

गोमतीबाई हळूहळू सरळ झाली.

"मांगचा होता, हे मी कुठं बोलली?"

सेवालालची नजर पेटीकडे गेली, आणि तिचीही गेली.

तिने मारलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती हारावरून बोटं फिरवत राहिली.

"हे पुढचे तुमचे," ती म्हणाली. "लेकरू झालं की तुहा बाप एक रुपया ओवे. पहिला तुह्याआंधी झाला होता. तो जगला नाही. कोणी इचारू नये म्हणून त्याचा वेणीखाली ओवला."

सेवालालला आपल्याआधी कोणी होतं हेच माहीत नव्हतं. आजवर कोणी सांगितलं नव्हतं, त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

रामधन वाईट माणूस नव्हता. त्याने कमरेची किल्ली काढली, पेटीचं मागचं दार उघडलं आणि आतला गल्ला गोणपाटावर ओतला. चांदीचे रुपये खळखळून पसरले. सगळ्यांना ओवायची भोकं होती, काहींना अजून लाल दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. खेळ पाहायला उभी असलेली तांड्यातली दोन-चार माणसं तिथून हळूच सटकली.

"घे माय," रामधन खाली मान घालून म्हणाला. "तुहा कोणता असन तो घे."

गोमतीबाईने हात लावला नाही. ती सेवालालकडे वळली.

"तूनं काढला, तूच ओळख. तुहा भाऊ होता."

सेवालाल गुडघ्यांवर बसला. सगळ्यांवर तोच राजा, तेच भोक, तोच काळा पडलेला काठ. त्याने एक रुपया उचलला, याडीच्या तोंडाकडे पाहिलं, खाली ठेवला, आणि दुसरा उचलला.