परत न्यायला आलेले पाळकसाहेब

"आपली मंडळी सोडणारा देवालाच सोडतो!" असं पाळक रेव्हरंड चक्रनारायण आपल्या मेथडिस्ट चर्चमध्ये दर रविवारी गरजत. ऐकणारे मात्र दर रविवारी कमीच होत; एकेक जण पत्र्याच्या शेडमध्ये निघालेल्या नव्या चर्चकडे वळत होता.

शेवटी एका रविवारी घसा बसल्याचं आपल्या चर्चला कळवून पाळकसाहेब स्वतःच त्या शेडमध्ये शिरले. आपली माणसं गाठायची आणि परत न्यायची, असा बेत होता. तिथे ढोलकीवर भजन रंगलं होतं. बघता बघता पाळकसाहेबही टाळ्या वाजवत खड्या आवाजात गाऊ लागले.

"घसा सुटला वाटतं!" शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या, त्यांच्याच महिला मंडळाच्या एस्तेरबाई म्हणाल्या.

पाळकसाहेबांच्या टाळ्या थांबल्या. "मी तुम्हाला परत न्यायला आलोय, बाई."

"न्या की. पण भजन संपू द्या. आणि जरा आत सरका, आपले बरेच जण यायचेत अजून."