वाट्याचं गोड

नवऱ्याला मधुमेह निघाल्यापासून त्याच्या वाट्याचं गोडही बायकोच संपवायची. उरलं तर त्याचा हात जाईल, म्हणून हा त्याग. दहा वर्षांत त्याची साखर ताब्यात आली. तिची कुणी तपासलीच नाही.

साखरेचा मेंदूवरही परिणाम होतो असं वाचून तिनं त्याला डॉक्टरांपुढे बसवलं. "मी सांगितलेलं यांच्या लक्षात राहत नाही. वर म्हणतात, तू सांगितलंच नव्हतंस."

डॉक्टरांनी त्याला तीन शब्द दिले. पाच मिनिटांनी त्याने ते धडाधड म्हणून दाखवले.

"बघा, माझ्या पथ्याची कमाल," ती ऐटीत म्हणाली.

"काका, स्मरणशक्ती उत्तम आहे. या आता."

तो उठला. ती मात्र खुर्ची पुढे ओढून बसली.

"हं डॉक्टर, घ्या आता यांची परीक्षा."