पालथी बादली

चंद्रावरच्या वस्तीत ऑक्सिजनचा काटा सकाळपासून उतरत होता. मातीतून ऑक्सिजन काढणारी भट्टी रिकामी पडली होती. माती वर नेणारी बादल्यांची माळ मात्र फिरतच होती.

"बादल्या शंभर टक्के भरतायत," पुण्याहून आलेले तज्ज्ञ पाटणकर कोऱ्या हातमोज्याचं बोट पडद्याकडे करत म्हणाले. "खोल बादली मीच निवडली. तिकडे कोरड्या वाळूवर चाचणीही घेतली."

"भरतायत हो. भरलेल्याच परत येतायत," फिटर द्वारका खिल्लारे म्हणाली. "इथली माती चिकटते. म्हणून उथळ बादली मागितली होती मी. मूठभर माती दाबून तरी बघायची!"

तिने एक भरलेली बादली काढून त्यांच्या डोक्यावर पालथी धरली. पाटणकरांनी डोळे घट्ट मिटले. कणही पडला नाही.

"उघडा डोळे, साहेब. पडणारी असती, तर भट्टीत नसती का पडली?"