तिनाचे सात

हॉस्पिटलात पेशंटने बेल दाबली, की मी लिहिलेला प्रोग्रॅम तिच्याकडून आलेल्या ‘खोली-३’ अशा मजकुरातलं शेवटचं अक्षर उचलतो, त्याचा आकडा करतो आणि नर्सच्या फलकावर दाखवतो.

त्या दुपारी नोंदीप्रमाणे बेल तीनमधून आली, पण फलकावर सात उमटले. नर्सताई सातकडे धावल्या. तिथे माझे बाबा गुदमरत होते; बेलपर्यंत हात पोचत नव्हता. बाबा वाचले.

मी तोच मजकूर पुन्हा पुन्हा चालवून पाहिला. दर वेळी तीनच आले.

“ताई, तीनमधल्या पेशंटचे आभार मानायचेत.”

“अगं, ती खोली आठवडाभर रिकामीच आहे.”

तरी गेले. दारातूनच हात जोडले. “फार उपकार झाले हो तुमचे.”

उशीवरचा खळगा हळूहळू भरून आला, कुणी डोकं उचलावं तसा.