हातानंच कर

कंस उघडायचा, कंस मिटवायचा, पुढची ओळ. जपमाळेचा मणी ओढावा तशी ती एकेक ओळ खाली सरकवत होती. प्रोग्रामिंगच्या भाषेची नवी आवृत्ती आली होती. पडद्यावर जे दाखवायचं ते आता कंसातच लिहावं लागे. जुन्या पद्धतीची एक जरी ओळ राहिली तरी प्रोग्राम सुरूच होत नसे. आणि कंपनीचे सगळे प्रोग्राम जुन्याच पद्धतीचे.

"हातानंच कर. यंत्राच्या भरवशावर राहू नकोस," थोरल्या जाऊबाईंनी बजावलं होतं. त्या विभागप्रमुख. तिला ही नोकरीही त्यांनीच लावून दिलेली. "काम संपलं की त्याच दिवशी माहेरी जा. मी अडवणार नाही."

माहेरी आई अंथरुणाला खिळलेली. रोज संध्याकाळी फोनवर एकच विचारायची, "कधी येतेस गं?" हिचं उत्तरही ठरलेलं. "थोडंच राहिलंय, आई."

शेजारच्या टेबलावरचा सहकारी चहा घेऊन मागे येऊन उभा राहिला.

"अहो, तांदूळ निवडताय की काय? एक आज्ञा दिली की सगळे कंस आपोआप पडतात!"

"वहिनी म्हणाल्या, त्याचा भरवसा नाही."

तो हसला. "वहिनींनीच तर शिकवलं आम्हाला. मागच्या महिन्यात."

त्यानं आज्ञा लिहून दिली. त्याच्या हातातला चहा निवायच्या आत काम संपलं. तिनं प्रोग्राम चालवून पाहिले. सगळे बिनतक्रार सुरू झाले.

ती जाऊबाईंच्या खोलीत गेली.

"वहिनी, झालं सगळं."

"इतक्यात? हातानं?"

"नाही. तुम्ही बाकीच्यांना शिकवलंत तसं."

जाऊबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"अगं, तू गेली असतीस तर घरी मामंजींची उठबस माझ्या एकटीच्या गळ्यात पडली असती. चार दिवस इकडेतिकडे झाले तर काय बिघडतं?"

ती तशीच मागे फिरली. तिला कधी मोठ्यानं बोलताच आलं नव्हतं. जागेवर येऊन तिनं पर्स उचलली आणि धाकट्या भावाला फोन लावला.

"निघते रे मी. मिळेल त्या गाडीनं येते. आईला सांग."

पलीकडे मागून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज येत होता.

"ताई," भाऊ म्हणाला, "आता सावकाश ये."