बहिणीचा अंगठा

"लगीन होऊन गेलेल्या लेकीचा कसला आलाय वाटा?" वकिलांच्या ओट्यावर धोंडीराम बसल्या जागी उडालाच.

"तुमच्यात नसेल, मुसलमानांत असतो," मडिवाळप्पा वकील म्हणाले. "चांदसाब विकतोय ते घर त्याच्या बापाचं. खरेदीखतावर बहिणीचाही अंगठा घ्या. नाहीतर उद्या ती दावा लावेल, मग बसा बोंबलत."

झालं! धोंडीरामाच्या डोक्यात भुंगा शिरला. जन्मभर गिरणीत राबून भाड्याच्या खोलीत दिवस काढले, आता कुठं स्वतःचं घर होत होतं. दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात लिंबाचं झाड! बायकोनं, बजाबाईनं, चूल कुठं मांडायची तेसुद्धा ठरवून टाकलं होतं. आणि हे सगळं एका अंगठ्यापायी घालवायचं? छे!

चांदसाबनं मात्र हात झटकले. "जुलेखाला कशाला मधी वडता? तिला काय कळतंय? नवरा गेल्यापास्नं अक्कलकोटला दिराकडं भाकरी थापत पडलीय बिचारी."

"तुमी न्हाय आणत, तर मीच आणतो की!" म्हणत गडी दुसऱ्याच दिवशी आगगाडीत बसला.

जुलेखाला आधी खरंच वाटेना. "माझा वाटा? अब्बांच्या घरात?"

"व्हय तर! तुमच्या अंगठ्याबिगर भाऊ पुरं घर विकू शकत न्हाय."

"वकील सांगत्यात?"

"वकीलच सांगत्यात!"

ती आत गेली आणि भलीमोठी ट्रंक ओढत बाहेर आली. अंगठा द्यायला एवढं सामान? पण धोंडीरामाला काय त्याचं! त्यानं ट्रंक डोक्यावर घेतली. होटगी स्टेशनावर तिला चहा पाजला. सोलापूर येईपर्यंत तिच्याकडून एकच घोकवून घेतलं: कचेरीत साहेब विचारतील तेव्हा भ्यायचं नाही, मनात असेल ते चारचौघांत स्पष्ट सांगायचं. बाई मान डोलवत होती. धोंडीराम हरखून गेला. अशी शहाणी बाई मिळायला नशीब लागतं म्हणाला.

रजिस्ट्रारच्या कचेरीत बजाबाई नवं लुगडं नेसून, पेढे घेऊन हजर होती. तिला तर हसू आवरेना. साहेबांनी खत मोठ्यानं वाचलं. चांदसाबनं सही ठोकली. मग साहेबांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "बाई, कुणाचा दाब नाही ना? खुशीनं विकता?"

धोंडीरामाला कुठला दम! शाईची डबी त्यानं स्वतःच तिच्यापुढं सरकवली. "बोला की आता! भिऊ नगा!"

जुलेखानं हात पदराआड घेतला.

"न्हाय साहेब," ती स्पष्ट म्हणाली. "माझंबी घर हाय, हे मला या दादांनीच सांगितलं. मला विकायचं न्हाय, तितं ऱ्हायचं हाय."