कोंबड्यांचा कौल

"खातात, असं म्हणायचं. एवढंच तर काम आहे तुझं," डायफिलस पिंजऱ्यापाशी वाकून ट्रेबियसच्या कानात म्हणाला. "दोन दिवस दाणा दाखवलेला नाही त्यांना. या वेळी खोटंसुद्धा बोलावं लागणार नाही. मजा आहे म्हाताऱ्या तुझी."

ट्रेबियसनं पिंजऱ्यात बघितलं. देवाच्या कोंबड्या तो अठरा वर्षं सांभाळत होता. आज सहाही जणींच्या माना गळून गेल्या होत्या. एक तर नुसती गजावर चोच घासत होती. उपाशी ठेवायचा हुकूम कॉन्सलचा, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या राज्यकर्त्याचा, आणि तो घेऊन आलेला हा डायफिलस. कालपरवापर्यंत कॉन्सलच्या घरचा गुलाम, आता उजवा हात. पायात नव्या चपला आल्या की आवाज कसा चढतो बघा.

उजाडत होतं. मैदान माणसांनी भरलं होतं. व्हेटिडियसला देशाबाहेर हाकलायचं की नाही, यावर आज मतं पडायची होती. त्याचा गुन्हा एवढाच की सरकारी कोठारातलं धान्य कुठं मुरतं, हे त्यानं भर सभेत विचारलं. मतांची सोय कॉन्सलनं केव्हाच करून ठेवली होती. राहिला होता फक्त देवाचा कौल. कोंबड्यांनी दाणा खाल्ला तर सभा भरणार, नाही खाल्ला तर उठणार. आणि उद्या कॉन्सलची मुदत संपत होती. आजची सभा उठली की व्हेटिडियस सुटला.

कॉन्सल आला. अंगवस्त्राचा पदर डोक्यावरून घेऊन पिंजऱ्याकडे पाठ करून उभा राहिला. बघायचं काम रखवालदाराचं. तो तोंडानं सांगेल तोच कौल, अशी रीत.

"शांतता आहे?" कॉन्सलनं विचारलं.

"आहे."

ट्रेबियसनं दार उघडून दाणे फेकले. कोंबड्या तुटून पडल्या. त्या शांततेत चोचींचा आवाज पार मागच्या रांगेपर्यंत गेला.

"खातात?"

 ट्रेबियसनं हात पाठीमागे घेतले.

"नाही खात."

डायफिलसचं तोंड उघडंच राहिलं. कॉन्सलनं मान वळवली नाही. वळवली असती तर रीत मोडली असती.

"नीट बघ," तो दात आवळून म्हणाला.

"बघितलं, सरकार. दाण्याला शिवत नाहीत."

"मला ऐकू येतंय, मूर्खा."

"पाच वर्षांपूर्वी काहीच ऐकू येत नव्हतं," ट्रेबियस म्हणाला. "तेव्हा खरंच खात नव्हत्या. तुमच्यासारख्याच एकानं मला सांगितलं, खातात म्हण. मी म्हणालो, आणि फौज निघाली. माझा धाकटा भाऊ त्या फौजेत होता. परत कोणी आलं नाही. तेव्हा माझा शब्द देवाचा होता, सरकार. मग आजही आहे."

पुढच्या रांगेतल्या एका चांभारानं टाचा उंचावून पिंजऱ्यात पाहिलं. कोंबड्या एकमेकींच्या अंगावर चढून खात होत्या.

"नाही खात," तो म्हणाला.

शेजारच्यानंही तेच म्हटलं. मग त्याच्या मागच्यानं. बघता बघता सगळं मैदान तेच म्हणायला लागलं, संथपणे, अजिबात घाई न करता.

 कॉन्सलनं डोक्यावरचा पदर खाली ओढला. "कौल मिळाला नाही. सभा उठली."

पहारेकऱ्यांनी ट्रेबियसचे दंड धरले. खोटा कौल सांगणाऱ्याचं काय करतात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"चल," एक जण म्हणाला.

"थांब बाबा जरा." त्यानं एक हात सोडवून घेतला आणि दाण्यांची पिशवी पिंजऱ्यात उलटी केली. "दोन दिवसांच्या उपाशी आहेत. पोटभर खाऊ देत."